सातव्या ठिकाणचं पाणी

चार वर्षं मी आमच्या वाडीत रोज संध्याकाळी क्रूसापाशी रोझरी सांगत होते, आणि त्या चार वर्षांत मला एकदाही मनापासून प्रार्थना करता आली नाही. हे मी आज पहिल्यांदाच कबूल करते आहे. तोंडाने शब्द बिनचूक निघत, मणी बोटांखालून सरकत, आणि बायका म्हणत, मावशी, तुमचा विश्वास मोठा. मी मान हलवत असे. देव ऐकत असेल की नाही, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मला भीती वाटत होती ती वेगळीच. तो ऐकत असेल आणि मला ओळखून गप्प बसला असेल, असं वाटत होतं.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. उंबराची डहाळी मांडवाला बांधायची, बायकांनी वाजतगाजत विहिरीवर जायचं, गाणी म्हणत पाणी भरायचं आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालायची. आमच्या राजोडी गावातल्या किती मुलींच्या आंघोळीची गाणी मी धरली असतील त्याला मोजदाद नाही. माझा आवाज खणखणीत आहे, आणि पुढे होण्याची हौस तर जन्माचीच. स्वतःच्या मुलीची वेळ आली तेव्हा मात्र मी घागरीला हात लावला नाही.

लीना आमची एकुलती एक. मुंबईत पर्यटन कंपनीत नोकरी करायची, पाहुण्यांना घेऊन हिमाचलातल्या स्पितीला जायची. तिथे पिन नदीच्या खोऱ्यात तेन्झिनचं चार खोल्यांचं घर आहे, पाहुण्यांना राहायला देतो. त्याच्याशीच तिने लग्न ठरवलं. तो एकदा आमच्याकडे आला होता. ओल्या बोंबलाचा काटा कसा काढायचा हे त्याला कळेना, तरी ताटातलं सगळं निमूटपणे संपवून उठला. मुलगा वाईट नव्हता. तो आपल्या धर्मातला नाही, असं मी गावात सांगत फिरले, पण खरं कारण ते नव्हतं. दर्याकाठी जन्मलेली माझी पोर एवढ्या लांब, बर्फात जाऊन राहणार, हे मला सोसत नव्हतं. आणि मला काही सोसलं नाही की रडू येत नाही, राग येतो.

चार वर्षांपूर्वी, रजिस्टर लग्नाच्या आदल्या संध्याकाळी लीना विहिरीपाशी आली. मी कपडे पिळत होते. ती म्हणाली, "आये, चार बायका नको बोलावूस. तू एकटीच एक तांब्या घाल." मी मागे वळूनही न बघता म्हटलं, "या बावीचं पानी तुझ्या आंगाला लागनार नाय." बस, एवढंच. माझे मालक दुसऱ्या दिवशी लग्नाला जाऊन सही करून आले. मी घरी बसून लसूण सोलला.

पुढे दोन वर्षांनी ती एका दिवसासाठी घरी आली. मी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. तिने पिशवीतून विकतच्या पाण्याची बाटली काढली आणि त्यातलं पाणी प्यायली. दिवसभर तीच बाटली. आमच्या विहिरीचा एक थेंब तिने घेतला नाही, आंघोळही न करता गेली. ती गेल्यावर तो भरलेला पेला तसाच होता, तो मी विहिरीपलीकडच्या केळीत ओतला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात कळलं की लीनाला दिवस गेलेत, सातवा चालू आहे. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला होता. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, मग आता माहेरानेच तिकडे जायला हवं, असं मी मनाशी ठरवलं. मालकांच्या छातीचं ऑपरेशन झालेलं, त्यांना एवढ्या उंचीवर जायची परवानगी नाही. म्हणजे मी एकटीच. त्यांनी लीनाला फोन केला. ती त्यांना म्हणाली, आये येते तर येऊ दे, आमच्याकडे पाहुणे येतच असतात. आणि ती पाहुण्यांना पाठवते ती यादी तिने त्यांच्या मोबाइलवर पाठवून दिली. 'स्पिती, सात दिवस, पाहण्याची ठिकाणं.' पहिलं कल्पा, मग नाको, ताबो, धनकर, कीचा मठ, लांगझा, आणि सातवं पिनचं खोरं. सातव्यापुढे लिहिलं होतं, 'मुक्काम आमच्या घरी.' मालक वाचून दाखवताना त्या ओळीपाशी जरा अडखळले.

मी फादरकडे पापनिवेदनाला गेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे तुम्ही मला सांगून काय होणार? जिला सांगायचं तिला सांगा." मला प्रायश्चित्त म्हणून चार प्रार्थना मिळतील अशी अपेक्षा होती. ती स्वस्तात सुटका झाली नाही. क्रूसासमोरून घरी येताना मी मनातल्या मनात देवाशी करार करून टाकला. तिने मला पाहुणी केलं आहे ना, मग मी पाहुणी होऊन जाईन. यादीतलं एकेक ठिकाण बघेन, एकही गाळणार नाही, प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकून रोझरीतलं एक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, म्हणेन. आमच्याकडे मरीयामातेच्या सात दुःखांची भक्ती करतात, तशी ही माझी सात ठिकाणं. आणि सातव्या ठिकाणी मी तिला आमच्या विहिरीच्या पाण्याने आंघोळ घालेन.

तेलाचा पाच लिटरचा पांढरा कॅन मी राखेने घासला, तीन दिवस उन्हात ठेवला आणि विहिरीचं पाणी गाळून भरला. मालक पायरीवर बसून बघत होते. "काय गो, तिथं पानी नाय काय?" ते म्हणाले. मी म्हटलं, "तिथलं पानी तिथल्यांना. माझ्या पोरीला हे." ते हसले नाहीत. त्यांनी उठून कॅनच्या झाकणाला सुतळी गुंडाळली, होडीची दोरी बांधतात तशी पक्की गाठ मारली. उंबराची एक डहाळीही मी ओल्या फडक्यात घेतली होती, पण ती सिमल्यापर्यंतच वाळून काटकी झाली.

वसई रोडला गाडीत बसल्यापासून कॅन माझ्या मांडीला चिकटून. तूप आहे का, विचारणारे चार जण भेटले. गंगाजल आहे का, म्हणून एका बाईने तर हात जोडले. सिमल्याला नोर्बू भेटला, पन्नाशीचा, कमी बोलणारा ड्रायव्हर, तेन्झिनच्या ओळखीचा. त्याने कॅन टपावर टाकायला हात पुढे केला, मी दिला नाही. सात दिवस तो पुढच्या सीटवर माझ्या पायांत राहिला.

ती ठिकाणं कशी आहेत ते मला लीनासारखं सांगता येणार नाही. तिने यादीत प्रत्येकापुढे दोन ओळी लिहिल्या होत्या. कल्पापुढे होतं, 'पहाटे उठा, डोंगर आधी गुलाबी होतो, मग पिवळा.' मी उठले. सफरचंदाच्या बागेच्या बांधावर गुडघे टेकले आणि समोरचा बर्फाचा डोंगर खरोखर तिने लिहिल्याप्रमाणे रंग बदलत गेला. माझी मुलगी हे कितीदा बघत बसली असेल, आणि मला तिने एकदाही सांगितलं नाही. पण तिने सांगावं असं मी ठेवलं होतं कुठे? नाकोला छोटं तळं आहे, विळखा घालून उभी झाडं आहेत. ताबोचं मंदिर मातीचं, हजार वर्षांचं म्हणतात, आत काळोख आणि भिंतीवर चित्रं. मी आधी दारात थांबले, आपण आत जावं की नाही कळेना. मग एक म्हातारे लामा हाताने या या म्हणाले. आमच्या चर्चमध्ये मेणबत्त्यांचा वास येतो, तिथे दिव्यांच्या तुपाचा येत होता. मी कोपऱ्यात बसून माझं दशक म्हटलं, कोणी काही म्हटलं नाही.

धनकर कड्याच्या टोकाला आहे. तिथून दोन नद्या मिळताना दिसतात, दोघींचे रंग वेगळे. "वो पिन है," नोर्बू म्हणाला, "आपकी बेटी का घर उधर." मी त्या बाजूला इतका वेळ बघत राहिले की तो गाडीत जाऊन झोपला. खरं सांगते, त्या दिवशी मला परत फिरावंसं वाटलं. तिने दार उघडून, या, खोली नंबर दोन, असं म्हटलं तर मी काय करणार होते? मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "पानी घेऊन गेलीस ना? मग परत कशाला आनतेस." मी डोळे पुसले.

सहाव्या दिवशी दुपारी लांगझाचा रस्ता दुरुस्तीसाठी बंद निघाला. नोर्बू म्हणाला, ते ठिकाण सोडून देऊ, उद्या पहाटे पाचला थेट पिनला निघू, कारण तिकडे वाटेत एक नाला आहे आणि दुपारनंतर त्याला पाणी वाढतं. मी म्हटलं, यादीत आहे ना, मग बघायचं. तो म्हणाला, "माताजी, बेटी के पास जाना है कि लिस्ट के पास?" मला राग आला. मी करार केला होता देवाशी, त्यात ड्रायव्हरने बोलू नये, असं मला वाटलं.

म्हणून सातव्या दिवशी सकाळी रस्ता उघडल्यावर आम्ही आधी लांगझाला गेलो. तिथे एका बाईने ओंजळभर काळे दगड दाखवले. एक फोडलेला होता, त्यात शंख. दगडाचा झालेला, वेटोळं वेटोळं असलेला, पण शंखच. शिंपले, शंख, कालवं यांत माझा जन्म गेला, मला कोणी सांगायला नको. इथे एके काळी समुद्र होता, नोर्बू म्हणाला. मी त्या उघड्याबोडक्या डोंगराकडे बघितलं. एवढी मोठी ओहोटी. ती कुठल्या तिथीला सुरू झाली असेल आणि कोणी मोजली असेल, असं मनात आलं. पण घाई होती आणि मन भरकटू द्यायचं नव्हतं, मी दशक उरकलं.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला पंचांग उघडावं लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चौथ असली तर चार पाऊण तीन, तीन वाजता पाणी भरणार आणि मग उतरायला लागणार. वयाच्या आठव्या वर्षापासून मी आईबरोबर खडकांवर कालवं फोडायला गेले आहे, आणि या हिशेबाने मला एकदाही दगा दिला नाही. शनिवारी-रविवारी आमच्या किनाऱ्यावर मुंबईचे पाहुणे येतात, पाणी चढत असताना फोटो काढत आत शिरतात. त्यांच्यावर ओरडून ओरडून माझा घसा बसतो. "काय येडं लागलंय काय? पानी चढताना कोन उतरतं?" हे माझं वाक्य आमच्या किनाऱ्यावर पोरांना पाठ आहे.

त्या दिवशी चौथ होती. आम्ही नाल्यापाशी पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. डोंगरावरून मातकट पाणी रस्त्यावरून आडवं धावत होतं, आत दगड गडगडत असल्याचा आवाज येत होता. पलीकडे रस्ता वळून जात होता आणि वळणापुढे दोनेक किलोमीटरवर लीनाचं घर. नोर्बू म्हणाला, आज गाडी जाणार नाही, माणूसही जाणार नाही, मागच्या गावात राहू, सकाळी येऊ. मी आकाशाकडे बघितलं, मनात पाऊणपट केली आणि शांतपणे म्हटलं, "अब भरती खतम. एक घंटा रुको, पानी उतरेगा." तो माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याला चतुर्थी समजावून सांगितली. त्याने डोक्याला हात लावला नाही हे त्याचं सौजन्य.

आम्ही थांबलो. चार वाजले. मी ज्या दगडावर नजर ठेवली होती तो दिसेनासा झाला. पाणी उतरत नव्हतं, चढत होतं. माझं गणित पहिल्यांदा चुकत होतं आणि ते चुकतंय हे मानायला मन तयार नव्हतं. सहा ठिकाणं झाली, गुडघे सोलून निघाले, सातवं समोर दिसतंय आणि मधे हे एवढंसं पाणी. समुद्रात जन्म काढलेल्या बाईला ओढ्याने अडवावं? मला वाटलं, देव माझी परीक्षा बघतोय, आणि आपण धैर्य दाखवलं की तो वाट देईल. नोर्बू गाडी वळवायला गेला तेवढ्यात मी चपला हातात घेतल्या, कॅन खांद्यावर घेतला आणि उतरले.

पाचव्या पावलाला पायाखालचा दगड निघाला. ते पाणी इतकं थंड होतं की ओरडायलाही श्वास मिळाला नाही. मी कमरेपर्यंत गेले आणि वाहायला लागले. खांद्यावरचा कॅन पाण्याने ओढला. मी त्याला धरून ठेवला होता, तो मला खाली खेचत होता, आणि मी सोडत नव्हते. एवढ्यात मागून कोणीतरी माझ्या अंगातल्या स्वेटरला काठीचा आकडा अडकवला. मोठ्याने काहीतरी ओरडणं ऐकू आलं, बाईचा आवाज, भाषा समजेना पण सूर ओळखीचा होता. माझाच होता. आमच्या किनाऱ्यावर मी ओरडते तसाच, कान उपटणारा. कसं झालं माहीत नाही, तो आवाज ऐकला आणि माझी मूठ सुटली. कॅन गेला. दोन्ही हातांनी मी ती काठी धरली.

वर ओढली गेले तेव्हा समोर एक म्हातारी होती. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी, गालांवर उन्हाच्या सुरकुत्या, पाठीवर टोपली. ती अजून ओरडतच होती. नोर्बू धावत आला, त्याचा चेहरा पांढराफटक. जवळच दगडांची एक ठेंगणी खोली होती, उन्हाळ्यात शेळ्या घेऊन राहायची. म्हातारीने मला तिथे नेलं, माझे पाय मांडीवर घेऊन चोळले, मिठाचा चहा पाजला. मी रडत होते. मी थंडीने रडतेय असं त्यांना वाटलं. मी नोर्बूला म्हटलं, पाणी गेलं, पाणी गेलं. त्याने तिला सांगितलं. ती बाहेरच्या नाल्याकडे बोट दाखवून एवढी हसली की तिला खोकला आला. एवढं पाणी वाहतंय आणि ही पाण्यासाठी रडते. मग तिने तुटक्या हिंदीत मला एकच वाक्य सांगितलं. "सुबह पानी सोता है."

नोर्बूने मला समजावलं. हे पाणी चंद्राचं नाही, बर्फाचं. दिवसभर ऊन लागतं, बर्फ वितळतो, संध्याकाळपर्यंत नाला फुगतो. रात्री वर सगळं गोठतं आणि पहाटे नाला निजतो. मी ऐकत होते. माझी तिथी, माझी पाऊणपट, माझा करार, माझी विहीर, सगळं आमच्या किनाऱ्याचं होतं आणि ते मी इथल्या देवाच्या पाण्यावर लादायला निघाले होते. नोर्बू मागच्या गावी जाऊन फोनवरून निरोप देतो म्हणाला. मी म्हाताऱ्या बाईजवळ राहिले. त्या संध्याकाळी माझ्याजवळ देवाला द्यायला काहीच नव्हतं, दाखवायला पाणी नाही, सांगायला पराक्रम नाही. रोझरीची माळ ओली होती, मी ती नुसती हातात धरली. एवढंच म्हणाले, मला पलीकडे ने. तुझ्या वेळेने ने. चार वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की कोणीतरी ऐकलं.

पहाटे म्हातारीने हलवून उठवलं. बाहेर गेले तर नाला ओळखू येईना. घोट्याएवढं निवळशंख पाणी दगडांमधून वाहत होतं, तळचे खडे मोजता यावेत असं. कालचा तो आडदांड कुठे गेला कोण जाणे. म्हातारीने आत जाऊन एक पोचे पडलेली ॲल्युमिनियमची किटली आणली, वरच्या अंगाला जाऊन काठोकाठ भरली आणि माझ्यासमोर दोन्ही हातांनी धरली. ती थट्टा करत होती की खरंच देत होती, मला आजही सांगता येणार नाही. मी वाकून दोन्ही हातांनी घेतली. चर्चमध्ये मिस्साच्या वेळी ख्रिस्तशरीराची भाकर घ्यायला हात पुढे करतो तसे माझे हात झाले होते, ते मला नंतर आठवलं.

तिने माझा हात धरून मला पार नेलं. पलीकडच्या वळणावर एका दगडावर लीना बसली होती. निरोप मिळाल्यापासून तिला डोळा लागला नव्हता, आणि उजाडल्यावर ती त्या पोटासकट दोन किलोमीटर चालत आली होती. तेन्झिन मागे गाडी घेऊन उभा. मी जवळ गेले. ती उठली आणि ओरडली, "आये, येडं लागलंय काय? पानी चढताना कोन उतरतं?"

मी म्हटलं, "आपल्या बावीचं पानी आनलं होतं गो तुझ्यासाठी. पाच लिटर. राजोडीपासून आनलं. काल वाहून गेलं." ती माझ्या हातातल्या किटलीकडे बघत होती. "मंग हे कुठलं?"

"इथलं. तुझं." मग मी ते म्हटलं जे म्हणायला आले होते. "तेव्हा बोलले ते चुकलं माझं. मना माफ कर."

लीनाने किटलीचं झाकण उघडलं, आत बघितलं, ओंजळ करून एक घोट प्यायली. तोंड पुसलं. मग म्हणाली, "आंघोळ घालशील तर गरम करून घाल. लय थंड हाय." तेन्झिनला मराठी येत नाही, पण तो मान फिरवून डोळे पुसू लागला.

त्या सकाळी तिच्या घरातल्या चुलीवर ते पाणी तापवलं. वाळलेल्या उंबराच्या काटकीशिवाय माझ्याकडे काही नव्हतं, ती दाराला बांधली. त्या गाण्याला दहा बायका लागतात. मी एकटीने धरलं आणि पहिल्या ओळीला माझा आवाज फाटला. पुढची ओळ लीनाने म्हटली. तिला पाठ आहे हे मला ठाऊक नव्हतं. लहानपणी माझ्यामागे विहिरीवर येऊन येऊन ती शिकली होती. म्हातारी दारात बसून टाळ्या वाजवत होती, ताल चुकत होता, पण कोणी सांगितलं नाही. मी माझ्या मुलीच्या डोक्यावर, खांद्यांवर, त्या भरलेल्या पोटावर पाणी घातलं, आणि किटलीतला शेवटचा थेंब निघेपर्यंत घातलं.

त्या म्हातारीला सगळं गाव आबी म्हणतं, म्हणजे आजी. ती कोणी गूढ बाई नव्हे, तेन्झिनच्या शेजारची. ती त्याच्या दोन दिवस आधीच शेळ्या घेऊन वरच्या कुरणात जाणार होती, पण एका शेळीचा पाय मुरगळला म्हणून खाली अडकून राहिली. मी याला चमत्कार म्हणत नाही, कोणी म्हटलं तर वादही घालत नाही. त्या शेळीला रोज सकाळी मी पोळीचा तुकडा देत होते, एवढंच सांगते. कॅन आठवड्याने नाला नदीला मिळतो तिथे सापडला, चेपलेला, रिकामा, आणि झाकणाला मालकांनी मारलेली गाठ तशीच. तळ फुटला होता, गाठ सुटली नव्हती. मालकांना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना गाठीचाच अभिमान वाटला.

बाळ नीट झालं. मुलगी आहे, नाक तेन्झिनचं आणि आवाज माझा. मी तीन महिने राहून घरी आले. संध्याकाळी क्रूसापाशी रोझरी अजून मीच सांगते, पण आता मधे कधी कधी थांबते, शब्द विसरते, आणि बायका पुढचं म्हणतात. त्यांना वाटतं, मावशी थकली. पूर्वी मी देवाला रोज सांगत असे की त्याने काय, कधी आणि कुठल्या पाण्याने करायचं. आता विचारते. उत्तर आलं नाही तर बसून राहते, पाणी निजायची वेळ होईपर्यंत.

गेल्या महिन्यात लीनाने नवी यादी पाठवली. या हंगामात पाहुण्यांना पाठवते ती. मालकांनी चष्मा लावून मोठ्याने वाचली. कल्पा, नाको, ताबो, सगळं तसंच. फक्त लांगझाच्या खाली आणि पिनच्या वर एक नवी ओळ होती. 'सातवं ठिकाण, नाला. दुपारी आलात तर गाडीतून उतरून आबीकडे चहा प्या आणि थांबा. माझी आई इथे थांबली होती.'

मालकांनी ती ओळ दोनदा वाचली. मी उठून विहिरीवर गेले आणि संध्याकाळचं पाणी भरलं.